अम्मा आवडलीच पाहिजे का?

कादंबरी वाचून झाली की आपल्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो : नायिका कशी आहे? ‘बिचारीने फार सोसले हो’ असे उत्तर आले की पुस्तक सासूकडून सुनेकडे, सुनेकडून शेजारी जाते. ‘बाई काही बरी नाही’ असे ठरले की ते कपाटात पडते. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधली अम्मा ही अशी कपाटात पडणारी नायिका आहे, आणि तिची बाजू मांडावी असे मला फार दिवस वाटत होते.

‘चक्र’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. पोटामागे मुंबईत येऊन झोपडपट्टीत राहिलेल्या माणसांची ही कथा. १९८१ साली रवींद्र धर्मराज यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट काढला आणि अम्मा साकारणाऱ्या स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातली अम्मा नवऱ्याबरोबर गाव सोडून पळून येते. झोपडीसाठी पत्रा चोरताना नवरा गोळी लागून मरतो. मग तिच्या आयुष्यात भुरटा लुका येतो, ट्रकवाला अण्णाही येतो. मुलगा बेनवा लुकालाच आपला आदर्श मानतो. आपल्या मध्यमवर्गीय मनाला रुचेल असे यात काही नाही.

आपल्या मनात आई म्हटली की १९३५ सालची ‘श्यामची आई’ उभी राहते. गरिबी तिलाही चुकली नव्हती. मग अम्मालाच सवलत का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण श्यामच्या आईची गरिबी पालगडची होती. तिथे देऊळ होते, शेजार होता, चार माणसांत जपायचे नाव होते. अम्मा ज्या वस्तीत राहते, तिथे डोक्यावरचे छप्परच उद्याचे नसते. तिचे वागणे बरोबर ठरवा असे मी म्हणत नाही. ती तशी का वागते हे समजून घ्या, एवढेच म्हणते. समजून घेणे आणि माफ करणे यांत फरक आहे, आणि कादंबरी आपल्याकडून पहिलेच मागते.

हे बावड्यात बसून लिहायचे कारण म्हणजे अम्माची भावंडे दर वर्षी आमच्या दारी येतात. दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या इंदापूर तालुक्यात उतरतात. उसाच्या कडेला कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. पहाटे भाकरी थापून ती फडात जाते. रात्री-अपरात्री गाडी आली तर मोळ्या डोक्यावर वाहून ती भरायची असते. तीच बाई वाढे विकताना पेंढीमागे रुपया सोडत नाही, मोठ्या आवाजात भांडते, तेव्हा आपण म्हणतो, ‘फार तोंडाळ बायका या!’

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आपण हळहळलो. वर्तमानपत्रातली बाई गप्प होती, म्हणून ती आपल्याला आपली वाटली. बांधावर हुज्जत घालणारी आली की ती परकी झाली. बाई मात्र एकच. परगावाहून आलेल्या माणसाने गरीब असावे, शिवाय नम्रही असावे, अशी आपली छुपी अट असते. गावातल्या भांडखोर माणसाला आपण ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देतो. बाहेरून आलेल्याचा स्वभाव मात्र त्याच्या सगळ्या जमातीच्या नावावर मांडतो.

गोड नायिकांच्या कादंबऱ्या मलाही आवडतात. पण त्या वाचून आपल्याला फक्त आवडत्या माणसाबद्दल कळवळा वाटायची सवय लागते, आणि तो तर न वाचताही वाटतो. दळवींनी अम्माला गोड केले नाही, तिच्यासाठी रदबदलीही केली नाही. ती आवडत नसतानाही पुढचे पान उलटायला लावले. हे काम मला मोठे वाटते.

घरातल्या लहानांसाठी हे पुस्तक नाही, हे खरे. पण कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींच्या हाती ते जरूर द्यावे आणि नंतर जेवताना त्यावर वादही घालावा. ‘अम्मा मला नाही आवडली’ असे मुलगी म्हणाली तर तिला गप्प करू नये. फक्त एवढे विचारावे : तिच्या जागी तू असतीस, तर बेनवाला काय खाऊ घातले असतेस?