क्राकोवमधील उपासाचें पान

चिरंजीवांची नोकरी पोलंडांत क्राकोव शहरीं असल्यामुळें गेल्या डिसेंबरांत आम्हां उभयतांचें तिकडे जाणें झालें. शाकाहारी माणसानें तेथें बाहेर जेवण्याच्या भानगडींत पडूं नये, असा इशारा अनेकांनीं दिला होता. सूनबाईंनीं तर एक हिंदुस्थानी उपाहारगृहही हेरून ठेविलें होतें. परंतु आम्ही पडलों कोल्हापूरचे. कोल्हापूरजवळ वळिवडें येथें 1943 ते 1948 या काळांत सुमारें 5000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. 1940-41 सालीं सोव्हिएट सरकारनें पूर्व पोलंडांतून त्यांना उचलून सैबेरियाकडे धाडलें होतें, व सुटका झाल्यावर इराणमार्गें तीं आमच्या गांवच्या वेशीपर्यंत येऊन पोंचलीं. त्यांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलों. तेव्हां त्यांच्या देशीं जाऊन त्यांच्या चुलीवरचें कांहींच न खातां परतावें, हें मनाला पटेना.

मुख्य चौकाजवळच्या एका तळघरांत आम्ही उतरलों. विटांच्या कमानी, जाड लांकडी बांकें. बसतांच पाव, आंबवलेली काकडी आणि मातीच्या वाटींत एक पांढराशुभ्र गोळा पुढें आला. लोणी समजून सौभाग्यवतींनीं सुरी उचलली, तोंच चिरंजीव ओरडले, "आई, थांब!" ती डुकराची चरबी होती. पाहुण्यापुढें प्रथम ती ठेवावी, हा तिकडचा शिष्टाचार. पण आमची भूक तेथेंच मेली. उठून जावें, असेंच क्षणभर वाटलें.

वाढणारी बाई पन्नाशीची व मोठी समजूतदार होती. चिरंजीवांचें मोडकेंतोडकें बोलणें ऐकून तिनें विचारलें, "म्हणजे पोस्ताचें का?" पोस्त म्हणजे पोलिश भाषेंत उपास. या एका शब्दानें सारा रंग पालटला. नाताळच्या आदल्या रात्रीं पोलिश घरांतून मांस शिजत नाहीं. आकाशांत पहिली चांदणी दिसली कीं लहानथोर सारे पानावर बसतात. रूढीप्रमाणें बारा पदार्थ असतात, आणि अवचित येणाऱ्या अतिथीसाठीं एक पान मांडून रिकामें ठेवितात. जुन्या काळीं कडक उपासाला लोणीसुद्धां वर्ज्य असे. जवसाच्या तेलावर भागवावें लागे. मासा मात्र या उपासाला चालतो! बाईनें मोठ्या अगत्यानें कार्प माशाचें नांव घेतलें. तोही नको, हें पटवितांना चिरंजीवांना बरेच हातवारे करावे लागले.

मग आलें बार्श्च. बीट पाण्यांत कांहीं दिवस आंबवून केलेलें हें लालभडक सार थेट आमसुलाच्या साराची आठवण देतें. पाठोपाठ पिएरोगी: मैद्याच्या पातळ पारींत सारण भरून, कड मुरडून, पाण्यांत उकडलेल्या करंज्याच म्हणा ना! आमच्या पानांत कोबी व रानअळिंबीच्या आल्या. अळिंबीविषयीं सौभाग्यवती साशंक, म्हणून त्यांच्यासाठीं बटाटा व पनिराच्या. वर चरबीचे तळलेले तुकडे पसरण्याचा रिवाज आहे. बाईनें आठवणीनें लोण्यांत परतलेला कांदा घातला. मुरड सूनबाईंच्या हातच्याहून सुबक होती, हें आम्ही तेथें बोललों नाहीं.

शेवटच्या पदार्थाचें नांव कुत्या. वाचकांनीं हंसूं नये! सडलेले गहूं शिजवून त्यांत वाटलेली खसखस, मध आणि अक्रोड घालतात. हा क्राकोवचा नव्हे, पूर्वेकडचा पदार्थ, असें बाई म्हणाली. आम्हीं चटकन् वळिवड्याचें नांव काढलें. तिला तें ठाऊक नव्हतें. वळिवड्याची मंडळी त्याच पूर्वेची. युद्धानंतर तो मुलूख सोव्हिएट संघांत गेला. आज तो युक्रेन, बेलारूस व लिथुआनिया यांत आहे. छावणी उठली तेव्हां कित्येकांना परतण्यास गांवच उरलें नव्हतें. गहूं, खसखस, मध, सारें कोल्हापूरच्या बाजारांत मिळण्यासारखें. छावणींतल्या त्या नाताळांत कोणीं कुत्या शिजविला असेल काय, आणि रिकामें पान कोणाची आठवण काढून मांडलें असेल, हें विचारावें तर आमच्या घरचीं तीं जुनीं माणसें आतां राहिलीं नाहींत.

तिकडची खसखस काळसर निळी असते. उकळत्या पाण्यांत भिजवून ती दोनतीनदां वाटावी लागते, असें बाईनें निघतांना सांगितलें. सौभाग्यवतींनीं तें बिलाच्या पाठीवर टिपून घेतलें.