पाय मुरगळला, वर टोमणे!

भिलाईतल्या कुरुदमध्ये जिना उतरताना एखाद्या गृहिणीचा पाय मुरगळतो. ती उपाय विचारते, तर शेजारीण म्हणते, ‘बघून चालायला काय होतं?’ अशा वेळी वाद घालू नये. ‘ते खरं, पण आता बर्फ लावू की शेकू?’ असं सरळ विचारावं. उत्तर आलं नाही, तर तिच्यापाशी सल्ला नव्हताच! पहिले दोन दिवस शेकू नये, चोळू तर मुळीच नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावावा, पाय उशीवर ठेवावा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेली ही कसोटी आजही वापरतात. आणि रिक्षा आणायला त्या शेजारणीलाच पाठवावं!