घासूनपुसून

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरात जे घासण्यासारखे आहे ते घासले जाते आणि जे घासण्यासारखे नाही ते निदान पुसले तरी जाते. समया, निरांजने, पितळी डबे, खिडक्यांचे गज, कुणाचीच सुटका नसते. या धामधुमीत माझ्या वाट्याला दरसाल पंख्यांची पाती येतात. मराठीच्या मास्तराला याहून नाजूक काम देऊ नये असे सौभाग्यवतींचे ठाम मत आहे, आणि ते किती रास्त आहे हे परसाल मी स्वतःच्या हाताने सिद्ध करून दाखवले.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव जुलैमध्ये इंजिनिअर व्हायला वसतिगृहात रवाना झाले. तेव्हापासून आमचे फोनवरचे संभाषण “जेवलास का?” आणि “हो” यांपुढे काही सरकेना. त्यांची रेडिओवर चालणारी मोटार मात्र कपाटावर धूळ खात बसली होती. वसुबारसेला पोरगा घरी यायचा होता. म्हटले, पंखे राहू देत. ही मोटार अशी लखलखीत करून ठेवू की आल्या आल्या पाहतच राहिला पाहिजे!

या मोटारीला ‘खेळणे’ म्हणण्याची आमच्या घरात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. खेळणे दुकानातून तयार येते. ही गाडी शेकडो तुकड्यांच्या रूपाने खोक्यातून आली आणि मे महिन्याच्या सुटीत त्याने एकेक स्क्रू पिळून ती उभी केली. खऱ्या मोटारीच्या एक दशांश मापाची. जपानातल्या शिझुओका शहरच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही मोटार एकास बारा मापात आणि रेडिओच्या हुकमतीत आणली, तेव्हापासून या नादाने जगभरच्या मुलांना पछाडले आहे, त्यांच्या बापांनाही. खोक्यातली गाडी बहुतेक नायलॉनची असते. मग पैसे साठतील तसा एकेक भाग काढून त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचा बसवायचा. याला ही मंडळी ‘अपग्रेड’ म्हणतात.

अ‍ॅल्युमिनियमचे एवढे कौतुक पाहून मला प्रथम हसूच आले होते. आमच्या लहानपणी त्याला जर्मल म्हणत, आणि जर्मलची भांडी पाहुणे आले की आत सरकवली जात. पण धातूंनाही दिवस असतात. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर अमेरिकनांनी मोठ्या मानाने बसवला तो तुकडा अ‍ॅल्युमिनियमचाच होता. पुढे दोनच वर्षांनी अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची ओळखदेख नसताना, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची एकच युक्ती शोधली. आणि स्मारकाच्या शिखरावरून तो आमच्या मोरीत उतरला. असो.

गाडीच्या पुढच्या चाकांना वळवणारे दोन जोड असतात. बोटाच्या पेराएवढे. त्यांना ‘नकल’ म्हणतात. चिरंजीवांच्या गाडीचे हे दोन्ही जोड अ‍ॅल्युमिनियमचे आणि निळ्या रंगाचे होते. खडीवरून धावून धावून त्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. मी समजलो, हा रंग खिडकीच्या गजांसारखा वरून फासलेला असणार. तो काढला की खाली चांदी! आई कुकरच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाकीत असे, म्हणजे कुकर आतून काळा पडत नसे. तेवढ्या परंपरागत ज्ञानावर मी उजवा नकल काढून त्यावर लिंबू चोळले. काही नाही. चिंच चोळली. निळ्याचा निळा!

आता मला ठाऊक आहे की तो रंग फासलेला नसतोच. अ‍ॅल्युमिनियम उघडे पडले की हवेतला प्राणवायू क्षणात त्यावर एक पापुद्रा धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या तीन-चार भागांएवढा. हाच पापुद्रा सौम्य गंधकाम्लात वीज सोडून हजारो पट जाड वाढवायचा, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवायचा आणि उकळत्या पाण्यात ती छिद्रे बंद करायची, याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. म्हणजे तो रंग धातूच्या कातडीतच गोंदलेला. लिंबाला तो काय दाद देणार?

पण हे ज्ञान मागाहूनचे. त्या दिवशी मी तुंबलेली मोरी मोकळी करायची पूड आणली, म्हणजे कॉस्टिक सोडाच. ती प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यात विरघळवून नकल आत सोडला. हातमोजे घातले होते, खिडकी उघडी होती; एवढी अक्कल शाबूत होती. बुडबुडे फसफसू लागले, निळाई पाहता पाहता ओसरली, आणि नेमका तेव्हाच आमच्या विभागप्रमुखांचा फोन आला. विषय सहामाही परीक्षेच्या पर्यवेक्षणाचा. विभागप्रमुखांचे फोन वीस मिनिटांच्या आत संपत नाहीत, आणि कॉस्टिक सोडा काही रंगाशी थांबत नाही. तो पापुद्रा संपवून सरळ धातू खाऊ लागतो. परत येऊन पाहतो तर नकल काळाभोर, आणि जिथे बेअरिंग घट्ट बसत असे तिथे ते आता डुगडुगत होते.

तो मुडदा रुमालात बांधून मी तळमजल्यावरच्या काकांकडे गेलो. काकांची उभी हयात कारखान्यात लेथवर गेली. त्यांनी चष्मा वर करून नकल पाहिला आणि म्हणाले, “मास्तर, हा सोड्यात घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?” मी गप्प. त्यांनी थंड पेयाचा रिकामा डबा कात्रीने कापला, त्याच्या पत्र्याची एक चिंचोळी पट्टी भोकात बसवली आणि बेअरिंग अंगठ्याने आत दाबले. डुगडुग थांबली. मग वॉटर पेपराचे तुकडे माझ्यापुढे टाकून म्हणाले, “आता चमकही आणा. चमक आणायची म्हणजे ओरखडे घालवायचे, दुसरं काही नाही.”

ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. आधी चारशे नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून, एकाच दिशेने. मग सहाशे, पण आडवा. चारशेचा शेवटचा ओरखडा दिसेनासा होईपर्यंत आठशेला हात लावायचा नाही. मग हजार, पंधराशे, दोन हजार. मधला नंबर चोरला तर तो चोरलेला ओरखडा अगदी शेवटी, चकाकीच्या आतून, वाकुल्या दाखवतो. प्रबंधाची मुद्रिते तपासावीत तसेच हे काम आहे. पहिल्या मुद्रितातली चूक राहिली की ती छापील पुस्तकातच भेटते. शेवटी पॉलिश लावून सुती फडक्याने घासले. फडके काळे होत गेले, बोटे काळी झाली, आणि नकलात मला माझे नाक दिसू लागले!

प्रायश्चित्त म्हणून मी गाडीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पुढच्या भुजाही मागवून ठेवल्या. किंमत सौभाग्यवतींना अद्याप सांगितलेली नाही.

वसुबारसेला चिरंजीव आले. गाडी हातात घेतली, पुढची चाके डावी-उजवी फिरवली. उजवा नकल रुपेरी, डावा निळा. बराच वेळ तो काही बोलला नाही.

“निळा गेला?”

“अरे, पण चमकतोय बघ कसा!”

“हो, चमकतोय छान.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, “लाल पण मिळत होता, बाबा. आजी म्हणाली, निळा घे. तिनंच दिले होते पैसे.”

आईला जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. हे पैसे तिने दिल्याचे घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मी म्हटले, काकांच्या ओळखीचे एक प्लेटिंगवाले आहेत, ते पुन्हा निळा करून देतील. तो म्हणाला, निळा होईल, पण तोच निळा येणार नाही. थर किती जाड, रंगात किती वेळ, त्यावर छटा ठरते. इंजिनिअरिंगचे पहिलेच सत्र, पण उत्तर बिनतोड होते.

पाडव्याच्या सकाळी नव्या भुजा बसवून आम्ही गाडी सोसायटीमागच्या रस्त्यावर नेली. “बाबा, भुजा नायलॉनच्याच बऱ्या असतात,” तो म्हणत होता. पण बापाची भेट, नाही कशी म्हणणार? तिसऱ्या फेरीला गाडी फुटपाथच्या कडेवर आदळली. भुजेला काहीही झाले नव्हते. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले. त्याने गाडी उलटी केली. भुजा जिथे अडकवली होती, ते गिअरचे घरच तडकले होते.

नायलॉनची भुजा धक्का खाते, वाकते आणि पूर्ववत होते. फार झाले तर मोडते, आणि चार स्क्रूंत नवी बसते. अ‍ॅल्युमिनियम तो धक्का जसाच्या तसा मागच्याच्या हवाली करते. शिवाय तेवढ्याच आकाराला वजन दुपटीहून अधिक. मोटरच्या मागे उष्णता ओढून घ्यायला, तेलाच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या नळ्यांना, नकलासारख्या जोडाला जिथे खुळखुळ नको, तिथे ते हवे. बाकी ठिकाणी नायलॉनने मोडावे हेच त्याचे काम. हे सारे त्याने मला जमिनीवर मांडी घालून, गाडीचे आतडे बाहेर काढून समजावले. दुपारचे जेवण थंड झाले. दोनदा हाक आली. आम्ही गेलो नाही.

भाऊबीजेनंतर तो परत गेला. गाडी कपाटावर आहे, नव्या घरासह आणि जुन्या भुजांसह. उघडे अ‍ॅल्युमिनियम पुन्हा मंद होते, म्हणून उजव्याला अधूनमधून हात फिरवावा लागतो. परवाच फोन आला होता.

“जेवलास का?” मी विचारले.

“हो. उजवा मळलाय का?”

“थोडा. दोन हजारचा पेपर मारू?”

“पेपर नको. नुसतं पॉलिश, आणि सुती फडकं.”

“आणि डाव्याला?”

“डाव्याला तुम्ही हात लावू नका, बाबा.”