मखर आणि कागदाची घडी

श्रीगणेशचतुर्थी जवळ आली की बाजारपेठा मखरांनी भरून जातात. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली आणि कागदास व पुठ्ठ्यास पुन्हा मान मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु आम्हांस खंत वाटते ती ही की, कागद परतला. त्यास घडी घालणारे घरचे हात मात्र परतले नाहीत. खोक्यातून काढावयाचे, उलगडावयाचे आणि मूर्ती ठेवून मोकळे व्हावयाचे, असे तयार मखर आता घरोघरी दिसते.

कागदकाम म्हणजे मुलांचा रिकामपणचा उद्योग, हा समज आमच्या मते अन्यायाचा आहे. दोन पाटांच्या मध्ये एक साधा कागद आडवा ठेवावा. तो आपल्याच भाराने वाकतो. त्याच कागदास बोटभर रुंदीच्या उलटसुलट चुण्या घालाव्या आणि वर प्रसादाची लहान वाटी ठेवून पाहावी. घडीमुळे कागद जागोजागी उभा राहतो व भार पेलतो. छपरावरचा नालीदार पत्रा ताठ राहतो तो याच युक्तीने. चौकोनी कागद मध्यबिंदूतून तीन वेळा दुमडून कात्रीने एकच पाकळी कापली, तर उलगडताना आठ पाकळ्यांचे कमळ हाती येते. कागदाच्या घड्यांतून भूमिती उलगडून दाखविणारे टी. सुंदर राव यांचे इंग्रजी पुस्तक १८९३ साली मद्रासहून प्रसिद्ध झाले. आमच्या आजीने ते पाहिले असण्याचा संभव नाही. पण तिच्या प्रभावळीची एकही पाकळी लहानमोठी होत नसे!

चार दिवसांच्या शोभेसाठी एवढे कष्ट कशास, असे कोणी विचारील. गणपती गेल्यावर येणाऱ्या पितृपक्षात वृंदावनातील मंदिरांत सांझी काढतात. कागदाचे अतिशय नाजूक साचे कातरून, त्यांवरून रंगांची पूड चाळून श्रीकृष्णलीला साकारतात आणि दर्शन झाल्यावर ती पुसून टाकतात. पार्थिव मूर्तीचे विसर्जन करणाऱ्या आपणांस यातील भाव निराळा समजावून सांगावयास नको.

नोकरीमुळे सवड होत नाही, ही सबब खोटी नव्हे. म्हणून सबंध मखर घरीच करावे, असा आमचा आग्रह नाही. निदान मूर्तीमागची प्रभावळ तरी घरच्या हातची असावी. ती थोडी वाकडी झाली तरी पाहुण्यांपुढे संकोच कसला? घोटीव कागदाचे चार ताव, कात्री आणि वाटीभर खळ एवढे पुरे. हरितालिकेच्या आदल्या रात्री मुलांना घेऊन बसावे, म्हणजे खळ वाळावयास दिवस मिळतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. ते विषारी असल्याने घरात मुले असता घालू नये. नीट वाळलेली खळ तेवढे दिवस तशीही टिकते.