हलकं तेल

माझी नात पुण्यात मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदाच्या सुट्टीत दोन महिने ती एका मार्केटिंग एजन्सीत इंटर्न म्हणून जात होती. इंटर्नशिप म्हणजे आपल्या जुन्या भाषेत उमेदवारी. एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "आजी, 'लाइट ऑइल'ला मराठीत काय म्हणतात गं?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "पचायला हलकं म्हण. नुसतं हलकं तेल म्हणू नकोस बाई, हलकं म्हणजे कमी प्रतीचं."

पलीकडे शांतता. मग रडू. 'हलकं तेल' सकाळीच इन्स्टाग्रामवर झळकलं होतं, दुपारी तेल कंपनीचा फोन आला होता आणि संध्याकाळी सगळ्या ऑफिससमोर हिची शोभा झाली होती.

खरं सांगते, आधी मीही तिलाच रागावले. मराठीच्या बाईंची नात आणि एवढं कळू नये! मग विचारलं, "बाहेर जाण्याआधी कोणी वाचलं होतं का?"

"मॅडमना पाठवलं होतं. त्या मीटिंगमध्ये होत्या. म्हणाल्या, टाकून दे."

पुढे एकेक कळत गेलं. काम कोण देतं? तर ज्याच्याकडे जास्तीचं असेल तो. पहिले दोन आठवडे एका एक्सेलमधले आकडे दुसऱ्या एक्सेलमध्ये भरायचे, ते कशासाठी हे कोणी सांगितलं नाही. पैसे? शेवटी सर्टिफिकेट मिळणार होतं. जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च तिच्या बाबांचा.

फोन ठेवला, पण मला झोप लागेना. कारण ते 'टाकून दे' मी पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणजे मीच म्हटलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेत दरवर्षी बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठ घ्यायला यायचे. पद्धत अशी की त्यांनी आधी पाठाचं टाचण काढायचं, ते आम्ही तपासून सही करायची, पाठ चालू असताना वर्गात मागे बसायचं आणि नंतर शेरा द्यायचा. प्रत्यक्षात आम्हाला तो मोकळा तास वाटायचा. एका मुलीने समासाचा पाठ काढला होता. मी टाचण न वाचता सही केली आणि शिक्षक-खोलीत चहाला गेले. तिने फळ्यावर 'पंचवटी' द्वंद्व समासात घातलं. वर्गातल्या एका हुशार मुलाने ते मला येऊन सांगितलं आणि मी त्या मुलीला चारचौघांत झापलं. टाचणातही तेच लिहिलेलं होतं. त्याखाली माझीच सही होती. ती मुलगी एक शब्द बोलली नाही. तिचं नाव आज मला आठवत नाही, याचीच जास्त लाज वाटते.

म्हणून आज मला जे वाटतं ते उपदेश म्हणून नव्हे, चुकलेल्या माणसाचं म्हणणं म्हणून ऐका.

उमेदवाराला एक माणूस नेमून द्यावा. सगळ्यांचा तो कोणाचाच नसतो. त्याच्या हातून झालेलं काम बाहेर जाण्याआधी त्या माणसाने वाचावं, आणि वाचलं नसेल तर चुकीची जबाबदारी त्याने घ्यावी. सही करणाऱ्याची चूक आधी, लिहिणाऱ्याची नंतर.

दुसरं, काम लहान असो पण पुरतं असावं. बी.एड.मध्ये सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. आपल्याकडे रूढ असलेलं त्याचं चक्र ३६ मिनिटांचं. ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं काय चुकलं ते ऐकायचं, १२ मिनिटांत पाठ पुन्हा बेतायचा, ६ मिनिटं परत शिकवायचा आणि ६ मिनिटं परत ऐकायचं. एका वेळी एकच कौशल्य. हे एजन्सीत का चालू नये? एका दुकानाची एक पोस्ट द्या. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवंय, हे आधी सांगा. तिने लिहावं, तुम्ही चूक दाखवावी, तिने पुन्हा लिहावं. मग किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी चौकशी केली, तेही तिला दाखवा. म्हणजे एक्सेलमधले आकडे कशासाठी असतात ते न सांगता कळेल.

तिसरी गोष्ट पैशांची. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांना विद्यावेतन द्यावं लागतं, तसा १९६१ चा कायदाच आहे. २०२४ साली केंद्राने आणलेल्या इंटर्नशिप योजनेत महिना ५ हजार आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या योजनेत पदवीधरांना १० हजार ठरले. रक्कम मोठी नाही, पण शिकणाऱ्यालाही पोट असतं हे त्यात मान्य केलंय. फुकटच्या उमेदवारीत एक छुपी चाळणी असते. ज्याच्या घरून दोन महिन्यांचा खर्च निघतो तोच येतो. सांगली-जालन्याहून येऊन खोली घेऊन राहणारी पोर दारातूनच परत जाते. आणि नेमकं तिलाच माहीत असतं की आपल्याकडे हलकं तेल कोणी विकत घेत नाही.

एजन्सीवाले म्हणतील, आम्ही काय शाळा काढलीय? मुलं दोन महिन्यांत जातात, त्यांच्यावर वेळ कोणी घालवायचा? बरोबर आहे. मग घेऊ नका. एकच घ्या, नाहीतर एकही नको. पण घेतलंत तर ती शाळाच झाली. नुसती हाताखालची माणसं हवी असतील तर त्यांना पगार द्या आणि नोकर म्हणा. आणि वेळेचंच म्हणाल तर ती दोन ओळींची पोस्ट वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेल कंपनीची समजूत काढण्यात अख्खी दुपार गेली.

नातीने दोन महिने पुरे केले. सोडून दे म्हणून आई मागे लागली होती, पण ती हट्टी. रोज लिहिलेलं मला रात्री पाठवायची, मी लाल शाईने दुरुस्त करून फोटो पाठवायचे. तिचं सर्टिफिकेट आलंय, त्यावर मार्गदर्शक म्हणून त्या मॅडमची सही आहे. सुबक सही आहे. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

तुमच्या ऑफिसात, दुकानात, शाळेत कोणी शिकायला आलेलं असेल तर उद्या त्याचं लिहिलेलं एकदा वाचा. सही नंतर करा.