चिठ्ठीतलं वर्ष

परवा एकतीस तारखेला रात्री वॉचनाइटच्या उपासनेला गेले होते. बारा वाजायच्या आधी नेहमीप्रमाणे ताट फिरलं, त्यात नव्या वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्या. शेजारच्या बाईंनी दोनदा काढली, पहिली आवडली नाही म्हणून! मी ताट तसंच पुढे दिलं.

मला हा प्रकार पटत नाही. (मावशी, तू हे वाचणार हे ठाऊक आहे. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.)

सगळ्यांचं लाडकं वचन म्हणजे यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमचं भलंच आहे, पुढे आशा आहे, अशा अर्थाचं. कॅलेंडरवर तेच, मगावर तेच, आता व्हॉट्सॅपवर सूर्योदयासकट तेच. पण मुळात ते एक पत्र आहे हो! इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. आणि त्याच्या अगदी आधीचं, दहावं वचन कोणी छापत नाही. त्यात सत्तर वर्षांचा हिशेब आहे. म्हणजे पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसं तिथेच मरणार होती.

आधीचा अध्याय तर वाचाच. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जूसुद्धा तो मोडून टाकतो. लोकांना कोण आवडला असेल, सांगायला नको. आपण नाव यिर्मयाचं लावतो आणि वाटतो हनन्याचा माल.

एवढी का चिडतेय? बाबा आजारी होते त्या वर्षी आईला बरं होण्याचं वचन आलं होतं. बाबा मार्चमध्ये गेले. त्यानंतर किती दिवस आई म्हणत होती, माझाच विश्वास कमी पडला. ती चिठ्ठी अजून तिच्या पवित्र शास्त्रात आहे. काढून टाक म्हणायचा मला धीर होत नाही.

मावशीचं म्हणणं, "अगं, तेवढं एक तरी वर्षभर लक्षात राहतं." खरंय. एक ओळ मनात धरायला माझी ना नाही, ती सोडतीसारखी काढायला आहे. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांनाही कळावं म्हणून सगळं शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसल्या, ते १९२२ साली जाईपर्यंत. एवढं मोठं ताट समोर वाढलेलं असताना आपण चिमूटभर उचलून उठतो!

त्याच पत्रात वर्ष कसं काढायचं तेही लिहिलंय. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या परक्या शहरात आणून टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! हे मगावर कोण छापणार?

असो. यंदा मी यिर्मया पहिल्यापासून धरलाय. एकूण ५२ अध्याय, रोज रात्री एक, आईला फोनवर वाचून दाखवते. पहिला काल झाला. फोन ठेवताना तिने विचारलं, "एकोणतिसावा कधी येतो गं?"

"एकोणतीस जानेवारीला," म्हटलं.