चोरीचा मामला

हिपहॉप ऐकतो म्हटलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला प्रकार, "त्यात नुसत्या शिव्या असतात ना रे?" म्हणणारा. त्याच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय. दुसरा प्रकार जास्त डेंजर. तो संगीतातला जाणकार असतो (निदान तशी त्याची समजूत असते) आणि शांतपणे म्हणतो, "दुसऱ्याच्या रेकॉर्डमधले तुकडे उचलायचे आणि त्यावर बडबड करायची. सरळ चोरी आहे ही. ह्यात ह्यांचं स्वतःचं काय?"

तर आजचा लेख ह्या दुसऱ्या मंडळींना सप्रेम भेट.

गंमत म्हणजे मला हे ऐकवणारे बहुतेक जण सॉफ्टवेअरवाले आहेत. कॉलेजच्या प्रॅक्टिकलनंतर ज्यांनी सॉर्टिंगचा कोड एकदाही स्वतः लिहिला नाही, ज्यांच्या प्रोजेक्टात लोकांच्या शेकडो लायब्ऱ्या नांदताहेत, ते सांगणार मला चोरी म्हणजे काय! अरे बाबांनो, लायब्ररी वापरणं ही चोरी नव्हे. तिच्यातली लायसन्सची फाईल उडवून खाली स्वतःचं नाव टाकणं ही चोरी. हा फरक आपल्याला कळतो, मग हिपहॉपच्या बाबतीत कुठे जातो?

आधी "सोपं काम आहे" ह्या आरोपाचं बघू. एसपी-१२०० नावाचं सँपलर १९८७ साली आलं. त्याची सगळी मेमरी मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. दहा सेकंद! त्यात ड्रम, बेस, ट्रम्पेट, सगळा संसार. मग ह्या पोरांनी काय करावं? ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर वाजवून आत घ्यायची, म्हणजे जागा कमी लागते, आणि मग मशिनमध्ये तिचा वेग उतरवायचा. त्यात आवाजाला जो खरखरीत रंग चढायचा, तोच पुढे त्या काळाचा आवाज ठरला. ही ऑप्टिमायझेशन आपल्यापैकी कुणी केली असती तर तिच्यावर चार कॉन्फरन्सांत भाषणं ठोकली असती.

आता अल्बम घ्या. पब्लिक एनिमीचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स' १९८८ चा. बॉम्ब स्क्वॉडने त्यात तुकड्यांवर तुकडे इतके रचलेत की मूळ गाणं ओळखू येत नाही, ऐकू येते ती पेटलेल्या शहराची गडबड. माझ्या मते हिपहॉपमध्ये ह्याहून दाट आवाज कुणी काढलेला नाही. डे ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' १९८९ चा. पहिला रागावलेला, तर हा खिदळणारा. त्याच वर्षीचा बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बुटीक', ज्यात शंभराहून जास्त सँपल्स आहेत. (खरं सांगायचं तर ह्यातला रॅप मला पोरकट वाटतो. पण डस्ट ब्रदर्सनी खाली अंथरलेलं संगीत म्हणजे निव्वळ मेजवानी.) आणि सप्टेंबर १९९१ चा ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी', ज्यात एका गाण्यासाठी जॅझचा दिग्गज बेसवादक रॉन कार्टर स्वतः येऊन वाजवून गेला. चोरांच्या घरी कोण असं वाजवायला जातं?

त्यानंतर तीनच महिन्यांत, डिसेंबर १९९१ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोर्टाने बिझ मार्कीच्या खटल्याचा निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली आणि वर प्रकरण फौजदारी कारवाईसाठी पाठवा म्हणाले. बिझ मार्कीने १९९३ साली पुढच्या अल्बमचं नावच 'ऑल सँपल्स क्लिअर्ड' ठेवलं, हा भाग वेगळा. पुढे २००५ साली दुसऱ्या एका अपील कोर्टाने कडी केली. गिटारचा अवघा दोन सेकंदांचा तुकडा, तोही स्वर बदलून घेतलेला, तरी परवाना हवाच! खटला भरणारी होती हक्क विकत घेऊन बसलेली कंपनी, वाजवणारा नव्हे.

परिणाम काय झाला ते इंजिनियरला वेगळं सांगायला नको. प्रत्येक तुकड्यामागे एक वकील लागणार असेल तर वीस तुकड्यांचं गाणं कोण करेल? दोनच रस्ते उरले. एक, खिशात पैसा असेल तर एकच प्रसिद्ध गाणं अख्खंच्या अख्खं उचला. दोन, पैसा नसेल तर कुणाला पत्ता लागणार नाही अशा अनवट रेकॉर्ड शोधा, तुकडे बारीक चिरा आणि गप्प बसा. म्हणजे कायद्याने आळशाला बक्षीस दिलं आणि गरिबाला लपायला शिकवलं. मूळ वादकाला दुसऱ्या रस्त्यात ना नाव, ना दाम.

पहिल्या रस्त्याचा नमुना म्हणजे पफ डॅडीचा १९९७ चा 'नो वे आउट'. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं पोलीस ह्या बँडच्या गिटारवर उभं आहे. ऐका, आणि सांगा पफ डॅडीने त्यात भर काय घातली! १९९८ साली ह्याच अल्बमला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी. आणि ती गिटारची ओळ बसवणारा, वाजवणारा अँडी समर्स? गाण्यावर रचनाकार म्हणून नाव एकट्या स्टिंगचं.

म्हणजे "मूळ कलाकाराचं रक्षण" ही सगळी थापच आहे. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला ठेका शेकडो गाण्यांत वाजला. तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचं नाव रचनेवर नव्हतं, म्हणून त्याला रॉयल्टी नाही. 'आमेन ब्रदर'मधले सहा-सात सेकंद तर जगातल्या सर्वाधिक सँपल झालेल्या आवाजांपैकी. ते वाजवणारा ग्रेगरी कोलमन २००६ साली बेघर अवस्थेत वारला. कायदा कडक होऊन पंधरा वर्षं झाली होती तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, "आपल्या माणसाचं उचललं की कळेल!" उचललं की. २००२ साली ट्रुथ हर्ट्सच्या 'अॅडिक्टिव्ह'मध्ये डीजे क्विकने लताबाईंचा आवाज वापरला. 'ज्योती' (१९८१) मधलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. गाणं अमेरिकेत तुफान चाललं आणि श्रेय शून्य. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं, लाहिरींचं नाव घाला, नाहीतर विक्री थांबवा. मी ह्या निकालाच्या शंभर टक्के बाजूने आहे! कारण तो नावाबद्दल होता. तुकडा वापरला ह्यात पाप नाही, नाव गाळलं ह्यात आहे.

आणि हे आपल्याला कुणी अमेरिकेतून शिकवायची गरजच नाही. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर छापलेलं असतं, "चाल : अमुक अमुक". चाल दुसऱ्याची, शब्द आपले, आणि मूळ कुठलं ते सगळ्यांसमोर कबूल. गोविंदराव टेंब्यांनी 'मानापमान'साठी (१९११) ठुमरी-दादऱ्याच्या चाली घेतल्या. त्यांना चोर म्हणायची कुणाची छाती आहे?

मग करायचं काय? उत्तर अमेरिकेच्याच कायद्यात आहे. १९०९ पासून तिथे, एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं तुम्ही नव्याने गाऊन रेकॉर्ड करू शकता. मालकाची परवानगी लागत नाही, ठरलेला दर भरायचा. मग अख्खं गाणं परत गायला जी सोय आहे, ती दोन सेकंदांच्या ढोलाला का नाही? दर ठरवा, तुकड्याच्या लांबीप्रमाणे लावा, नाव छापणं सक्तीचं करा, आणि पैशातला वाटा वाजवणाऱ्याच्या घरी पोचवा. मालकाला फक्त नकाराधिकार देऊ नका. एवढंच मागणं आहे.

नकाराधिकाराची किंमत काय असते ते डे ला सोलला विचारा. सँपल्सच्या हक्कांचा आणि करारांचा गुंता सुटेना म्हणून 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हताच. एक अख्खी पिढी तो न ऐकता मोठी झाली. शेवटी ३ मार्च २०२३ ला आला. तिघांपैकी ट्रुगॉय, म्हणजे डेव्ह जोलिकूर, त्याआधी १९ दिवस, १२ फेब्रुवारीला गेला होता. चौतीस वर्षांपूर्वीचं स्वतःचं काम लोकांपर्यंत परत पोचलेलं बघायला तो नव्हता.

चोरी झालीच असेल तर ती ही. आणि ती सँपलरने केलेली नाही.